वाफेच्या नळीवरचा भात

आदरणीय ताई,

नमस्कार. (उभ्यानेच करतोय, राग मानू नका. वाकलो तर तुम्ही आशीर्वाद द्याल, आणि सध्या माझी तेवढी लायकी नाही.) तुमची तब्येत, हॉस्पिटलातल्या ड्यूट्या, साडूभाऊंचा गुडघा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडचं म्हणाल तर मी जिवंत आहे, एवढंच आज खात्रीने लिहिता येईल. हे पत्र आमच्या लॉन्ड्रीच्या आज संध्याकाळच्या व्हॅनने, तुमच्या वॉर्डाच्या धुतलेल्या चादरींबरोबर पाठवतोय. ड्रायव्हरला बजावलंय की तुमच्याच हातात द्यायचं. तुमच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात पडलं तर न वाचताच केरात जाईल.

ती तुमच्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. तिने तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. बहुधा काहीच नसेल सांगितलं, कारण तिचा खरा राग मुका असतो. तेव्हा मीच सांगतो. प्रकरण भाताचं आहे.

आमच्याकडे भात मी लावतो. ती सकाळी सहाला बस डेपोच्या तिकीट खिडकीवर हजर असते, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक पहिल्यापासून माझ्या गळ्यात आहे. आता मी वाढलो आठ माणसांच्या घरात, पातेल्यात तांदूळ टाकताना माझा हातच आठ जणांचा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, खाणारी तोंडं दोन, पण हात काही आखडत नाही. मग भात उरतो. आणि उरला की टाकवत नाही, कारण आईने आम्हाला ताटातलं शीत न् शीत वेचून खायला लावलेलं. गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो, ही शिकवणही तिचीच. (घरात तेव्हा फ्रिज नव्हता, पण शिकवण होती.) म्हणून मी पातेलं झाकून ओट्यावर निवायला ठेवायचो, आणि ते निवता निवता सकाळ व्हायची.

तुमच्या धाकटीने यावर पुष्कळ तोंड वाजवलं. शेवटी तोंड दुखलं म्हणून एका कागदावर लिहून तिने तो फ्रिजच्या दारावर चिकटवला. भात तासाभरात पसरट भांड्यात काढून निववायचा, लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच गरम करायचा आणि तोही आतपर्यंत वाफ येईस्तोवर, शंका आली तर टाकायचा. हे सगळं तुम्ही सांगितलंय असं ती म्हणायची, म्हणून मी आणखीच कानाडोळा केला. (क्षमा असावी. मेहुणी नर्स असली की माणसाला घरातही आपण पेशंट आहोत असं वाटत राहतं.) त्या कागदाच्या समासात मी बाजाराची यादी लिहायचो.

आता लॉन्ड्रीतली रीत ऐका. चादरींच्या गरम रोलरमागून वाफेची जाड नळी जाते आणि तिच्यावर एक फळी आहे. सकाळी आठला सगळ्यांचे डबे त्या फळीवर, ते एक वाजता छान कोमट मिळतात. इतक्या वर्षांत कोणाला शिंकही आली नाही. (बाकी कोणी डब्यात भात आणत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) त्या दिवशी माझ्याकडे भात रगड होता, म्हणून मला उदारपणा सुचला. रोलरवरच्या मावशींना वाढला. साहेब डबा घरी विसरले होते, त्यांनाही वाढला. साहेबांनी पुन्हा मागून घेतला. ताई, एकोणीस वर्षांत माझ्या भाताला कोणी दुसऱ्यांदा हात पुढे केला नव्हता. मी तिसऱ्यांदा आग्रह करून वाढला.

तीनच्या सुमाराला साहेब उठले. मग मावशी उठल्या. मग मीही उठलो, पण लॉन्ड्रीत संडास एकच आहे. पुढचं तुमच्यासारख्या अनुभवी बाईला लिहून दाखवायला नको.

डॉक्टरने आम्हा तिघांना एका बाकावर बसवलं. माणूस शांत. म्हणाला, भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, कोमट जागा मिळाली की वाढतात, आणि एकदा त्यांनी विष केलं की भात कितीही तापवा, ते जात नाही. म्हणजे रात्रभर ओटा आणि वर पाच तास नळी, असं मी त्यांचं साग्रसंगीत माहेरपणच केलं होतं. मग त्याने विचारलं, हा भात केला कोणी आणि ठेवला कोणी? साहेब माझ्याकडे बघत होते. मावशीही बघत होत्या. आणि ताई, मी म्हणालो, बायकोने.

पोटात कळ होती, विचार करायला उसंत नव्हती, असं मी स्वतःला रोज सांगतो. पटत नाही. दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या मिसेस तिकीट खिडकीवर गेल्या आणि मागे रांग उभी असताना, अगदी मायेने, उरलेला भात कसा ठेवावा ते तुमच्या धाकटीला पहिल्यापासून समजावून आल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. घरी आली, फ्रिजवरचा कागद काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, रजेचा अर्ज लिहिला आणि बॅग भरली. भांडली असती तर बरं झालं असतं हो. भांडणाची मला सवय आहे.

मी दमलोय, ताई. बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
(नाव लिहायला तोंड नाही)

ता. क. फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे उरलेत. तो कागद तिच्याकडून पुन्हा लिहून घ्याल का? मजकूर मला पाठ आहे, पण अक्षर तिचंच हवं.

आणखी एक. काल लॉन्ड्रीत सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. साहेबांनी नळीवरची फळी तेवढी काढून टाकली. मावशी म्हणाल्या, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं, दोन माणसांना एवढा भात कुठली बाई लावेल?" साहेबांच्या मिसेस माफी मागायला खिडकीवर जाऊन आल्या, पण खिडकीत दुसरीच बाई. तिनेच त्यांना सांगितलं की तुमच्या धाकटीने तुमच्या गावी बदली मागितली आहे.

शेवटचं. आज माझी सुट्टी, म्हणून दुपारीच भात लावला. आयुष्यात पहिल्यांदा वाटीने मोजून, दोघांपुरता. अर्धा मी खाल्ला. अर्धा ताटात पसरून तासाभरात निववला आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलाय. तुमच्याकडून पहिली बस सकाळी नऊला सुटते. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी खाल्ला नाही तर तो टाकायचा, हे आता मला कळतं. पण ताई, तेवढा मला टाकायला लावू नका.