मधुमेहासुराचा वध

१८ ऑगस्ट, सोमवार

शुगर तीनशे बारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, गोड बंद, आणि रोज पायाचे तळवे बघत जा. तुमच्या पायांची जाण गेली आहे. जाण गेली! धारच्या शाळेत सातवीत ज्याने वीररसाची अख्खी कविता एका दमात म्हणून मास्तरांना रडवलं, त्याची जाण गेली!

तळवे बघत बसणं हा पुरुषार्थ नव्हे. संकल्प: यंदा गल्लीच्या गणपतीपुढे माझा देखावा. दहा फुटी मधुमेहासुर. अनंत चतुर्दशीला माझ्या हातून शिरच्छेद. सारं देवास जागं होईल.

साखर आजपासून वर्ज्य. (संध्याकाळी एक पेढा. तो कालचा होता.)

२० ऑगस्ट

जयसिंगराव मंडळाचे अध्यक्ष. घरी पूर्वजांची तलवार, ती देणार. पण म्हणाले, भास्करराव, कागदाचा राक्षस कौन देखेगा भिया? असली माल लगाओ. पटलं. बताशांची कातडी, इमरतीच्या मिश्या, खव्याच्या गोल मावाबाटीचे डोळे, सगळं गुळाच्या पाकात चिकटवायचं. शत्रू त्याच्याच शस्त्रांनी सजवायचा. ही म्हणाली, तुम्हाला पाकाजवळ बसायला निमित्त हवं. कवीच्या बायकोला कवी कधी कळला आहे!

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगाडा उभा. दिवसभर ठोकाठोक. घरी येऊन चप्पल काढायला गेलो तर निघेना. खिळा तळातून थेट पायात. दुपारपासून असावा. पक्कडीने उपटला. दुखलं? छे! असे योद्धे आता होत नाहीत.

नात आरोही इंदूरहून आली. नर्सिंगला आहे, दुसरं वर्ष. आल्या आल्या, आजोबा, पाँव दिखाओ. मी मोजे घातले. त्याऐवजी फलकावरचा माझा श्लोक वाचायला लावला:

असुरा, तुझ्या शर्करेचे करीन चूर्ण,
माझ्याच रक्ताने होवो हे व्रत पूर्ण!

पोरगी 'शर्करे'वर तीनदा अडखळली. खिळ्यापेक्षा ते जास्त लागलं.

२६ ऑगस्ट

सकाळी असुराच्या पोटावर मुंग्यांचं सैन्य. केरसुणीने कत्तल केली. हजारो पडल्या. मग काळ्या कुत्र्याने डावी मांडी फाडली. काठी हाणली, ती जयसिंगरावांच्या नडगीवर बसली. त्यांनी मला जी शिवी दिली ती वृत्तात बसत नाही.

डोळे नवे बसवले. दोन्ही सारख्या चवीचे हवेत, म्हणून जुने दोन्ही खाऊन पाहिले.

३१ ऑगस्ट

देखाव्याला गर्दी. सगळे असुरासोबत सेल्फी काढतात. मधुमेहाच्या माहितीचा कागद मी स्वतः लिहिला, मोडी वळणाच्या सुंदर अक्षरात. कोणी वाचत नाही.

ही म्हणाली, मोज्याला लाल काय लागलंय? म्हटलं, असुराच्या जिभेचा रंग. म्हणाली, आणि वास? म्हटलं, त्याच्या डाव्या मांडीचा. अंगात थोडी कणकण. प्रतिभेची असणार, शाळेतही कविता व्हायच्या आधी अशीच यायची.

५ सप्टेंबर

जिभेला शेवटचा हात दिला. लाल डबा संपला. आरोहीने ब्रश धुऊन ठेवला. पुन्हा म्हणाली, एकदा पाय दाखवा ना. म्हटलं, उद्या, वधानंतर. वचन दिलं.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

पडल्या पडल्या लिहितो.

अनवाणी मंचावर चढलो. श्लोक म्हटला. तलवार उचलली. पहिला वार खांद्यावर, बताशे उडाले. दुसऱ्याने पोट फुटलं, पाक वाहिला. तिसरा मानेवर! मुंडकं समोरच्या रांगेत पडलं. छातीवर लाथांवर लाथा घातल्या. मंचभर लाल पावलं उमटली. टाळ्या! कोणी ओरडलं, वाह भिया, क्या इफेक्ट है!

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात जयसिंगराव माइकवर: दस दिन बाप्पा के सामने रहा है, अब ये प्रसाद है! झालं. लोक तुटून पडले. एकाने दंड मोडला, दोघींनी बरगड्या नेल्या. मी ओरडलो, अरे, हा रोग आहे, रोग! एक बाई असुराचा दात खात म्हणाल्या, काका, प्रसादाला असं बोलू नये. मुंडकं मानाचं म्हणून माझ्याच हातात दिलं. प्रसाद नाकारायचा कसा? डावा गाल खाल्ला.

आरोही मात्र खात नव्हती. ती मंचावर वाकून पावलं बघत होती. म्हणाली, आजोबा, लाल डबा तो कल खत्म हो गया था.

मग मी बसलो, बहुतेक पडलो.

९ सप्टेंबर, इंदूर, हॉस्पिटल

उजव्या पायाची दोन बोटं काढली. सुरी कधी फिरली कळलंही नाही. यावेळी ते शौर्य वगैरे वाटलं नाही.

सकाळी आरोहीच्या वर्गातल्या सात मुली आल्या. त्यांच्या मॅडमनी पट्टी सोडून पाय दाखवला. आरोही उशाशी, माझा हात घट्ट धरून. मुलींतली एक मागे सरकली आणि तिथूनच घरी फोन लावला: पापा, चप्पल उतारो. अभी. तलवा देखो.

तीन आठवडे, दहा फूट, एक तलवार. एवढ्यात एकानेही तळवा पाहिला नव्हता.

मी त्या फोनवाल्या मुलीला म्हटलं, बेटा, पापांना माझा श्लोकही ऐकव.

म्हणाली, दादाजी, पहले पाँव देख लेने दो.