धुक्यातल्या टकरीची वाटणी

मी, वय चोवीस, धंदा मिळेल तो, मुक्काम सध्या बंदरामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली, पूर्ण शुद्धीत, कुणी भरीस न घालता लिहून ठेवतो की माझ्या पश्चात खालीलप्रमाणे करावे. मला आजार नाही. पण समुद्रावर तब्येत बघून कुणी मरत नाही, हे मी पाहिलं आहे.

१. कातडी जाकीट ताईच्या नवऱ्याला. त्याला ते घट्ट होईल, मला माहीत आहे. "याच्या पायाला भिंगरी लागलीय," असं तो चारचौघांत म्हणाला होता, त्याबद्दल.

२. बूट कुणालाही. डावा पाणी पितो. हे मी एका गवंड्याकडून घेतले, त्याच्याकडे एक मांजर होतं, ते... असो, ते इथे नको.

३. पत्र्याचा डबा. हीच माझी खरी इस्टेट. मोठ्या जहाजाच्या रडारवर छोटी होडी दिसावी म्हणून असा डबा डोलकाठीला टांगतात. आमच्या होडीवर तो होडी हाकणाऱ्या तांडेलमामांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. वाऱ्यावर सारखा खडखडायचा. झोप येईना, म्हणून मी तो उतरवून माझ्या पिशवीत कोंबला. म्हटलं, उजाडल्यावर बांधू. उजाडलं ते धुक्यातच, आणि युद्धनौका अंगावर आली. मामांचा धाकटा भाऊ, आमचा इंजिनवाला, गेला. मी पिशवीला धरून तरंगलो.

चौकशीत मामा म्हणाले, "साहेब, डबा मी बांधला होता."

"मग गेला कुठे? उडून?"

सगळे हसले. मी मागच्या बाकावर होतो. उठून बाहेर पडलो, तो अजून थांबलेलो नाही. डबा आता खोलीच्या खिडकीला असतो. खडखडला नाही तर झोप लागत नाही.

४. जबाबदारीची वाटणी. डब्याचा दोष संपूर्ण माझा. त्यात मामांचा हिस्सा नाही. मात्र त्या नौकेने धुक्यात एकदाही भोंगा दिला नाही, वेगही कमी केला नाही. मी जागा होतो. तो हिस्सा तिच्यावरच्या साहेबांचा, माझी कबुली दाखवून त्यांनी तो माझ्या नावावर चढवू नये. डब्याचं सांगितलं तर भोंग्याचं कोण ऐकेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे घाबरलो.

५. मामांनी मला 'झोप्या' नाव ठेवलं होतं. ते मी कुणाला देत नाही. दुसरं कुणी मला हाकच मारत नाही.

घरमालकीण मावशींनी सही करताना विचारलं, "चोविसाव्या वर्षी मृत्युपत्र? काही भलतंसलतं करणार नाहीस ना रे?"

"नाही हो मावशी. परत चाललोय."

साक्षीदार दोन लागतात म्हणे. या गावात मला दुसरं कुणी ओळखत नाही. सोमवारी मामांच्या परवान्याचा निकाल आहे. त्याआधी डबा आणि हा कागद घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहीन. सही करायची की कागद तोंडावर फेकायचा, ते त्यांनी ठरवावं. डबा मात्र त्यांनी ठेवून घ्यावा, आणि चौकशीच्या साहेबांसमोर मांडायला मला सोबत न्यावं.

ठिकाण: वरीलप्रमाणे. दिनांक: निकालाआधीचा शुक्रवार.

सही: झोप्या
साक्षीदार १: घरमालकीण (सही)
साक्षीदार २: तांडेलमामा ....................