हिवराकडची पट्टी

मी, सुंदरबाई जगदेव काळबांडे, वय अडुसष्ट, धंदा शेती व पिठाची चक्की, धर्म ख्रिस्ती, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांना चष्मा आहे, कानांना काही झालेलं नाही. कोणी माझ्यावर दमदाटी केलेली नाही. कोणाची तशी हिंमतही नाही. वाशीमच्या वकील साहेबांनी नमुना दिला होता. त्यात "माझ्या मनावर कोणताही भार नाही" असं एक वाक्य होतं. ते मी गाळलं आहे, कारण भार आहे, आणि तो उतरवण्यासाठीच हा कागद लिहायला बसले आहे.

१. माझं राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावे झालेलं शेत, कलम तीनमधली पट्टी सोडून, माझी एकुलती एक मुलगी साधना हिला मिळावं. ती वाशीमला शाळेत शिकवते. घर विकलं तरी हरकत नाही. पण न्हाणीजवळचं सीताफळाचं झाड तोडू नये. गल्लीतली पोरं त्याची फळं चोरतात आणि वर मलाच विचारतात, "आजी, यंदा फळं कमी काहून आली वो?" त्या वेळची त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

२. चक्की आणि दगडाला टाकी मारायची छिन्नी-हातोडी हेही साधनाचं. तिने चक्की विकली तर छिन्नी-हातोडी सोबत द्यावी, नाहीतर घेणारा फसेल.

चक्कीवर बसून मी माणसं पाहिली. काही फायदा नसतानाही लोक खोटं कसं बोलतात याचं मला फार नवल वाटायचं. आमचा रामकिसन दरवेळी ओली ज्वारी आणतो, दगड जाम होतो, तरी म्हणतो, "कडक वाळवली वो, बाई." दगडाला माहीत, मला माहीत, त्यालाही माहीत. रामकिसनला मी काही ठेवत नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि वकील साहेब म्हणाले की ज्याला मिळायचं असतं त्याने साक्षीची सही करू नये. हा कायदा आमच्या पंचांना ठाऊक असता तर पुढचं कलम लिहावं लागलं नसतं.

३. माझ्या आणि माझे दीर पंजाबराव यांच्या शेतांमध्ये जो धुरा आहे, म्हणजे बांध, तो पूर्वी हिवराच्या झाडाजवळ होता. माझे पती वारले त्या वर्षी पंजाबरावांनी तो माझ्या शेतात सरकवला. हिवरापासून आताच्या धुऱ्यापर्यंतची पट्टी कागदावर आजही माझी आहे, पण वाहत आले ते. मी पंच बसवले. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. पंजाबरावांनी आपल्या लहान मुलाला, पवनला, पुढे ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकराच्या डोक्शावर हात ठेऊन सांगतो, हा धुरा पहिलेपासून इथंच हाय. खोटं असन तं माह्या लेकराले लागो."

पंच उठले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवल्यावर आमच्याकडे पुढे काही विचारत नाहीत. मी मात्र त्या पोराकडे पाहत होते. त्याने मान अशी आखडून धरली होती की जणू डोक्यावर भरली घागर आहे. माझी जमीन गेली याचा राग आलाच, पण या माणसाने शपथेला स्वतःचं डोकं सोडून लेकरू पुढे का केलं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

तेव्हापासून पवनला ताप आला, तो नापास झाला, मोटारसायकलवरून पडला, की गाव म्हणायचं, "लागली शपथ." पंजाबराव चार वर्षांमागे गेले. खोटं बोललो असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. शेवटच्या घटकेला देवाजवळ काही बोलले असतील का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. बोलले असतील तर आमची पुढे भेट होईल, आणि मी पहिल्यांदा धुऱ्याचंच विचारीन.

४. मी ख्रिस्ती का झाले याचे गावाने बरेच हिशेब मांडले. कोणी म्हणे पैसे मिळाले, कोणी म्हणे शिलाई मशीन. मशीन मिळालं असतं तर या कागदात आलं असतं. धुऱ्याच्या भांडणानंतर माझ्या पोटाचं ऑपरेशन मिशनच्या एका दवाखान्यात झालं. तिथल्या बेबीताई नर्स खाटेजवळ बसून बायबलमधलं वचन वाचायच्या. एकदा त्यांनी येशूच्या सगळ्यात जवळच्या शिष्याचं वाचलं. धन्याला पकडून नेलं, तेव्हा तो शिष्य शपथ घेऊन सांगतो की या माणसाला मी ओळखतही नाही. मी उठून बसले, टाके दुखले. म्हटलं, "ताई, हा तं आमच्या पंजाबरावासारखा! याले हाकललं असन मंग?"

ताई म्हणाल्या, "नाही वो. धन्यानं त्याले परत जवळ घेतलं."

"काहून?"

"ते तुमी धन्यालेच विचारा."

तेव्हापासून विचारते आहे. आपल्या मोठ्या माणसाचा खोटेपणा न झाकणारा हा देव मला खरा वाटला, म्हणून विश्वास ठेवला. दुसरं कारण नाही.

५. आता मागच्या महिन्यातली गोष्ट. पवन चक्कीवर आला. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पिशवी खाली ठेवली, तिच्यात दळण नव्हतंच.

"मोठे माय, सुटली म्हन न वो," तो म्हणाला.

आमच्याकडे शपथ उतरवायची तर "सुटली" म्हणावं लागतं. मी म्हटलं, "शपथ तुह्या बापानं घेतली. मी कशी सोडू?"

"जिचं गेलं तिनंच सोडा लागते. माह्या बायकोले, वैष्णवीले, सातवा महिना चालू हाय, मोठे माय. माह्यावरचं लेकरावर जाईन काय, याच्यानं माह्या जिवाले चैन नाही. ते शेत वापस घे, सारं घे."

मी त्याला समजावलं की बापाच्या खोट्यापायी देव लेकराला मारत नाही. तो ऐकून घेत होता, पण मान तशीच आखडलेली, पारावर होती तशी. आणि माझ्या तोंडून तो एक शब्द निघेना. रोज प्रार्थनेत ज्यांनी माझं वाईट केलं त्यांना क्षमा केली म्हणायचे, आणि शेतात गेले की आधी हिवराकडे बघायचे. खोटं "सुटली" म्हणून काय उपयोग? "थांब जरा," एवढंच म्हणाले.

पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. ज्याचं गेलं त्यानेच सोडायचं. आमच्या मंडळीचे पास्टर अनुप इतकी वर्षं जे सांगत होते, ते मला चक्कीवर या पोराने सांगितलं. आपण सगळे देवाशी खोटं वागलो. सोडायचा हक्क त्याचा एकट्याचा. पंजाबरावांनी स्वतःचं खोटं झाकायला लेकरू पुढे ओढलं, देवाने आमचं खोटं सोडायला आपलं लेकरू, येशू, दिलं. हे लिहिताना मला रडू येत आहे, म्हणून अक्षर बिघडलं आहे. वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

६. सबब, हिवराकडची पट्टी मी पवन पंजाबराव काळबांडे याला देते.

साधना भांडली. "माय, तू तं खोटं जिंकवून राह्यली!" नाही, साधना. धुरा हिवराजवळ होता आणि पंजाबराव खोटं बोलले, हे मी इथे शाईने लिहिलं आहे. हे खोटं नसतं तर सोडायला माझ्याजवळ काय होतं? पट्टी देऊन मी स्वर्गात जागा घेते आहे असंही कोणी समजू नये. ती जागा विश्वासावर फुकट मिळाली आहे, तिला पट्टी लागत नाही.

७. माझी माती मंडळीच्या रीतीने द्यावी. तेरवी करू नये. गाव आलं तर चहा मात्र साखर घालून द्यावा.

८. पवन आत्ता बाहेर ओट्यावर बसला आहे. त्याला मिळणार म्हणून त्याला साक्षीला आत घेतलं नाही. उरलेलं काम मी मेल्यावर व्हायचं नाही, ते आजच करायचं आहे.

ठिकाण : रिठद
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

(सही) सुंदरबाई जगदेव काळबांडे

साक्षीदार :

१. रामकिसन इंगोले, रिठद. बाईंनी सही माझ्यासमोर केली. ज्वारी ओली नव्हती.

२. बाबूलाल राठोड, रिठद. बाईंनी सही आमच्या समक्ष केली. नंतर त्या बाहेर ओट्यावर गेल्या, पवनच्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुटली" म्हणाल्या. तेही आमच्या समक्ष.