ओल्या काट्यांची शेकोटी

प्रिय वर्दा,

नाताळपर्यंत उत्तर हवं, असं तू दटावलं होतंस. नाताळ कालच झाला, तेव्हा फार रागावू नकोस. "ताई, हट्ट पुरे. दाजींना घे आणि स्वीडनला ये, कागदपत्रांचं मी बघते," हे तुझं वाक्य मी इतकं वाचलंय की घड्यांवर कागद फाटला. तू खोटं काय लिहिलंस? आपल्या गावात, बघदेद्यात, आपल्या गल्लीत आता मोजक्याच घरांत दिवे लागतात. युद्धात पळालेले आम्ही परत आलो, जळक्या भिंती घासल्या, ऑलिव्ह पुन्हा लावले आणि जरा बस्तान बसतंय तोवर तुझ्या दाजींना, गोर्गीसला, अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. ज्याच्या गाण्यानं चर्चच्या खिडक्या थरथरायच्या, तो माणूस वर्षभर पाणी हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवतोय. मोसुलचा डॉक्टर म्हणतो, त्याच्याशी बोलत राहा. मला बोलायला काय, निमित्तच लागतं! पण भिंतीशी किती बोलणार गं? रोज प्रार्थनेला बसायचे आणि देवाशी भांडून उठायचे. थकले होते मी.

म्हणून एक आगाऊपणा केला. आपल्या आईचा शेकोटीवर केवढा विश्वास होता, आठवतं ना? नाताळच्या संध्याकाळी अंगणातल्या काट्यांची पूर्ण राख झाली तर वर्ष सुखाचं, अर्धवट राहिले तर संकट. मी मनात ठरवलं, राख झाली तर इथंच राहायचं, नाही तर तुला 'येते' म्हणून लिहायचं. चर्चच्या अबूनांना, आपल्या पाद्रीबाबांना, कळलं असतं तर त्यांनी कान उपटले असते. देवाला अशा अटी घालायच्या नसतात, हे मलाही कळतं. पण घातली.

काटे आणले शेजारच्या मत्तीनं, तेही पावसात भिजलेले. मेणबत्त्या धरून आम्ही येशूजन्माचं वाचन केलं, काडी लावली आणि नुसता धूर. थोडं चरचरलं आणि विझलं. मत्तीची बायको हन्नानं छातीवर क्रूस केला. मत्ती मेला मला चिडवतो, "जाऊ दे शमोनी, स्वीडनमध्ये घराघरांत हीटर असतो म्हणे." मी शालीआड तोंड लपवून रडले. एवढ्यात मागून आवाज आला, "गाढवा! ओले काटे!"

वर्दा, तो गोर्गीस होता. खुर्चीतून उठून, काठी उगारून, मत्तीवर खेकसत होता! मत्तीला शिवी खाऊन इतका आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. गोर्गीसनं काठीनं ढीग उपसला, भिंतीशी ठेवलेल्या ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांकडे बोट दाखवलं, त्या खाली सारायला लावल्या आणि वाकून स्वतः फुंकर घातली. जाळ भडकला. हन्नानं आपल्या बोलीत प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि तोही म्हणू लागला, घोगऱ्या आवाजात, पण थेट आमेनपर्यंत. मग रिवाजाप्रमाणे निखाऱ्यांवरून उडी मारायला माझा खांदा धरून आला आणि नेमका माझ्याच पायावर उतरला. पाय अजून दुखतोय.

चमत्कार झाला असं गावभर सांगू नकोस. आज सकाळी पुन्हा पेल्यावर चमचा वाजलाच. मात्र दोन शब्द त्याच्या जिभेवर राहिलेत, 'आमेन' आणि 'गाढवा'. माझ्या स्वयंपाकाला दोन्ही मिळतात.

आता तुझं उत्तर. माझ्या अटीप्रमाणे मी हरलेच होते, कारण शेकोटी विझली होती. प्रभूनं आभाळातून जाळ पाठवला नाही. त्यानं माझ्या मुक्या नवऱ्याला खुर्चीतून उठवलं. एवढं पाहिल्यावर मी इथून कशी निघू? आम्ही येत नाही, वर्दा. पुढच्या नाताळला तूच ये. काटे मी उन्हाळ्यातच तोडून गच्चीवर वाळत टाकणार आहे, मत्तीवर भरवसा नाही. आणि कागदपत्रांचा घोर लावून घेऊ नकोस. हे घर तुझंही आहे, दार नुसतं लोटलेलं असतं.

तुझीच ताई,
शमोनी