मनकर्णाचं गीत पुढं सरकेना

पालम,
बुधवार

तीर्थस्वरूप बन्सीधरराव यांस,

मुंजाजीचा पालमहून सलाम. (तीर्थस्वरूप लिहिलं म्हणून आमचे पाळक हरिओमसाहेब नाराज होतील, पण बायकोच्या थोरल्या भावाला दुसरं काय लिहावं ते बायबलात मला तरी सापडलं नाही.) तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि पाथरीच्या तुमच्या भजनी मंडळाची नवी पेटी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडं सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर लिहितोय. फोनच केला असता, पण फोन हातात घेतला की तुमची बहीण शेजारी येऊन उभी राहते, आणि मला तिच्यासमोर भ्यायचं नाही.

खबर अशी की येत्या सोमवारी मनकर्णाचं परभणीला ऑपरेशन आहे. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून करू, लहानसं काम आहे. आता दुर्बिणीनं लांबचं बघतात एवढं मला ठाऊक. पोटातलं बघायलाही दुर्बीण लागते म्हणजे खडे किती लांब जाऊन बसले असतील, या विचारानं माझी भाकरी ताटातच राहते. ती मात्र दोन भाकरी खाऊन वर ताक पिते आणि मला विचारते, "तुमचं ऑपरेशन हाय का माजं?"

यात गीताचा काय संबंध ते सांगतो. तुम्ही आमच्या प्रार्थनेला एकदाच आलात, तेही जेवणाच्या वेळेला, म्हणून ठाऊक नसेल. आमच्या मंडळीत कोणी प्रभूकडं गेलं की मातीच्या वेळी त्याच्या नावाचं नवं गीत म्हणायची रीत आहे. ते काम माझ्याकडं आलं, कारण ढोलकी माझ्याकडं होती. शाळा चौथीपर्यंत, राग-ताल कोणी शिकवले नाहीत, जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर शब्द बसवतो. पण माझं गीत लय सावकाश होतं. मयत अंगणात, माणसं खोळंबलेली, आणि मी गोठ्यात यमक शोधतोय, असं एकदा झालं. तेव्हापासून कोणी जास्त आजारी पडलं की मी आधीच थोडंथोडं लिहून ठेवायला लागलो. (यात वाईट हेतू नव्हता. तुम्ही पाऊस पडायच्या आधी बी आणून ठेवता, तसंच.)

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतल्या झुंबरबाईनं अन्न सोडलं. सलाईन लावलं, पण डॉक्टरनी मान हलवली. मी तिच्या ओसरीवर बसून हळूच चाल लावून बघत होतो:

"चालली झुंबर बापाच्या घरी,
काढा हो दूतांनो दाराची कडी;
हातात तिच्या ना बोचकं, ना गाठोडं,
अंगावर नुसती पांढरी साडी."

आतून आवाज आला, "ए मुंजाजी! पांढरी साडी कुणाला नेसवायलास? माजा नवरा जित्ता हाय अजून!"

मी आत जाऊन समजावलं, की मावशी, बायबलात, प्रकटीकरणाच्या पुस्तकात, शुभ्र झगेच लिहिलेत, स्वर्गात सगळ्यांना तेच मिळतात. ती म्हणाली, "झगे गड्यांला असतील. मी सवाशीण बाई, हिरवी लिही." आणि हिरवी लिहिली का नाही ते बघायला उठून बसली. बसली म्हणून पाणी मागितलं, पाणी पोटात ठरलं म्हणून पेज मागितली. आज ती सरकीचं पोतं एकटी ओढते.

दुसरा नागनाथ, पिंगळीचा. वारा गेला अंगावरून, वाचा बसली. त्याच्या गीतात मी लिहिलं होतं, "शब्द त्याचा लोण्याहून मऊ." उशाशी त्याची बायको सगुणाबाई पदर डोळ्याला लावून बसली होती, ती हे ऐकून एकदम खो खो हसत सुटली. (तुम्ही नागनाथला भांडताना ऐकलं असतं तर तुम्हीही हसला असता.) तर हा मुका पडलेला माणूस तिच्याकडं बघून स्वच्छ बोलला, "कामून हसायलीस?"

झालं. त्या दिवसापासून लोक माझ्याकडं आपापली मयतीची गीतं मागायला यायला लागले. दुखणी कसली, तर कंबर, मूळव्याध. एकजण तर दाढ ठणकते म्हणून आला आणि निदान दोन कडवी तरी द्या म्हणाला. हरिओमसाहेबांनी रविवारी उभं राहून सांगितलं, गीत म्हणजे अंगारा नव्हे, बरं करणारा एक प्रभूच. सगळ्यात मोठ्यानं आमेन मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो, हे ध्यानात ठेवा.

आता मनकर्णा म्हणते, "झुंबरबाईचं लिवलं, नागनाथरावाचं लिवलं, मंग माजंच कामून न्हाई?" मी म्हणालो, तू कुठं मरायलीस? तर म्हणाली, "ते कुठं मेले?"

म्हणून लिहायला बसलो. बन्सीधरराव, दोन्हीकडून अडकलोय. लिहिलं तर वाटतं, आपणच तिला वाटेला लावतोय. नाही लिहिलं आणि सोमवारी काही झालं तर जन्मभर वाटेल, एक गीत मागितलं होतं, तेही दिलं नाही. विश्वास नसलेल्या गोष्टीचीही इतकी भीती वाटते हे मला या वयात कळलं. पहिली ओळ लिहायची, "मनकर्णा गेली." एवढं लिहिलं की पेन थांबतं. मग घाईनं पुढं लिहितो, "बाजाराला, घेऊन आली मेथीची जुडी." दुसरं कडवं घेतलं, "मनकर्णा गेली नदीवर," तर तिथून ती धुणं घेऊन परत आली. प्रत्येक कडव्यात बाई परतच येते. मयतीच्या गीतात मयत अशी सारखी घरी यायला लागली तर मंडळीनं रडायचं कधी? (बायबलातला लाजरस थडग्यातून परत आला होता हे मी जाणतो. पण तो मेथी घेऊन आला नव्हता.)

असो. तुम्ही फिकीर करू नका. मी अगदी घट्ट आहे. मुलांना आशीर्वाद, वहिनींना सलाम.

आपला,
मुंजाजी

ता. क. : घट्ट आहे ते खोटं. तिचं गीत तुम्हीच लिहा. तुम्ही अभंग रचता, शिवाय भाऊ आहात, तुमचं पेन माझ्यासारखं अडणार नाही. जिथं विठ्ठल येईल तिथं जागा रिकामी सोडा, मी येशू भरून घेईन. साडी हिरवीच ठेवा.

ता. क. दुसरा : हे तिला कळू देऊ नका. पोस्टाचा भरवसा नाही, पाथरीला जाणाऱ्या माणसाच्या हाती देतोय.

दादा, मी मनकर्णा. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच भाताची शितं मागितली, तवा वाचलं. तू काही लिवू नको. झुंबरबाई सलाईननं उठली, मला काय कळत न्हाई? पण खडे हायेत हे कळल्यापासून हे नुसत्या येरझारा घालायलेत. यमक शोधायला बसवलं की तेवढा वेळ तरी एका जागी टेकतात, म्हणून मी गीताच्या मागं लागले. तू लिवून धाडलंस तर सोमवारपर्यंत ह्यांना दुसरं काम कुठून देऊ? तू सवता ये. मला आत नेतील तवा बाहेर ह्यांच्यापाशी बस. यमक चुकलं म्हण, चाल बसत न्हाई म्हण, भांड लागलं तर. भीती मला बी हाय रे. पण दोघांनी एकदम भ्यालं तर चहा कोणी करायचा?