दीपगृहाच्या गाण्यासाठी तीन मिनिटं

३ नोव्हेंबर
एकोणीस महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीची क्षमा मागतो. मागची नोंद आत्ता वाचली: ‘उद्यापासून रोज पहाटे चालणे.’ त्या उद्याचं पुढे काय झालं हे लिहायला तोंड नव्हतं, म्हणून वही मिटली ती मिटलीच.

आज लिहायला कारण आहे. संगीताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. वार्षिक कार्यक्रमात मुलं स्वतः लिहून, स्वतः चाली लावून एक तासाचं म्युझिकल करणार आहेत. त्याचा मार्गदर्शक म्हणून मुख्याध्यापिकांनी मला नेमलं. मी भूगोल शिकवतो. माझ्यातलं काय पाहून नेमलं ते त्या बोलल्या नाहीत. तुमचे तास कमी आहेत, एवढंच म्हणाल्या.

संकल्प: हस्तक्षेप करायचा नाही. मुलांचं नाटक मुलांचंच राहील.

समितीत अकरा मुलं. त्यात आमची कन्या, नववीतली. घरी येताच तिने करार केला: शाळेत तू सर, घरी तू बाबा, आणि म्युझिकलबद्दल काय बोलायचं ते सरांनी. बाबांनी नाही. मी मान्य केलं.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. माझं एक गाणं आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लिहिलं, चालही माझीच. दीपगृहात एकटा राहणारा माणूस संध्याकाळी दिवा लावताना म्हणतो. नऊ कडवी. आमच्या नाटकात यायचं होतं, पण परीक्षा लवकर आल्या आणि राहून गेलं. ते आजवर स्टेजवर गेलेलं नाही. मुलं आपणहून समुद्रापर्यंत आली तर गोष्ट वेगळी. मी काही त्यांना तिथे नेणार नाही.

(खरं लिहायचं तर परीक्षा नेहमीच्याच वेळी आल्या होत्या. गाणं दिग्दर्शकाने काढलं होतं.)

५ नोव्हेंबर
पहिली मीटिंग, लायब्ररीत. इतिवृत्त लिहायला एक दहावीतली मुलगी, तिला सगळे सेक्रेटरी म्हणतात. एक मुलगा प्रत्येक वाक्याला हरकत घेतो, तो वकील. एक सतत बाकावर बोटं वाजवतो, तो ड्रमर. बाकीची ओळख होईल हळूहळू.

मी फक्त कामाची पद्धत सुचवली. लाजाळू मुलांनाही बोलता यावं म्हणून सूचनापेटी. नाव लिहायचं नाही. प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, तिच्यावर निदान तीन मिनिटं चर्चा करायची, मग हात वर करून मतदान. मला मत नाही, हे मी स्वतः जाहीर केलं. वकील म्हणाला, सर, लिहून घेऊ का? मी म्हटलं, अवश्य. सेक्रेटरीने लिहून घेतलं.

पेटी म्हणजे माझ्या बुटांचा खोका. साइज नऊ.

७ नोव्हेंबर
विषय ठरला. जिन्याखाली हरवलेल्या वस्तूंचं कपाट आहे ना, त्यातल्या वस्तू रात्रंदिवस मालकांची वाट बघत गाणी म्हणतात. एकटाच राहिलेला बूट, झाकण गेलेली बाटली, कोणाची तरी दातांची तार. तार सोप्रानोमध्ये, म्हणजे सगळ्यांत उंच स्वरात गाणार, असं वकील म्हणाला. अकरा हात वर.

मी गप्प राहिलो. खरंच राहिलो. दोनदा खोकलो, पण हवा कोरडी आहे.

विषय चांगलाच आहे. जरा कोंदट वाटतो. कपाटाला क्षितिज नसतं.

१० नोव्हेंबर
पेटीत एक चिठ्ठी टाकली. एकच. विचार करून टाकली. शिक्षक हाही शाळेचाच घटक असतो आणि पेटी सर्वांसाठी आहे. डाव्या हाताने लिहिली ती फक्त निनावीपणाचं तत्त्व पाळायचं म्हणून.

‘वस्तूंमध्ये एक कंदीलही असावा.’

चर्चा तीन नव्हे, अकरा मिनिटं चालली. शाळेत कंदील कोण आणणार आणि आणलाच तर विसरून जाणार कसा, असं ड्रमरने विचारलं. कन्या म्हणाली, दप्तरात मावतो का तो? सात विरुद्ध चार मतांनी चिठ्ठी पडली. पण चार! चार मुलांना उजेडाची ओढ आहे.

१३ नोव्हेंबर
पेटीत चौदा चिठ्ठ्या निघाल्या. मुख्याध्यापिकांना जिन्यात गाठून सांगितलं की प्रतिसाद उदंड आहे. त्यांनी शाबासकी दिली. घेताना अवघडल्यासारखं झालं, कारण चौदांतल्या नऊ माझ्या होत्या. पण म्हणजे पाच मुलांच्या होत्या. त्यातल्या तीनमध्ये ‘मीटिंग लवकर संपवा’ असं होतं.

मीटिंग लांबतात हे खरंच आहे. नमनालाच घडाभर तेल. आज दोन तासांत एकही गाणं झालं नाही. मुलांना वेळेचं भान नाही, हे एकदा गोड शब्दांत सांगायला हवं. चिठ्ठीने सांगतो.

१८ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताने लिहीत बसलो होतो. बायकोने विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, खांद्यासाठी चांगलं असतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, खांद्यासाठी काही नसतं रे ते, मानेसाठी मात्र वाईट असतं. कन्या ताटातून वर न बघता म्हणाली, आई, करू दे त्याला, छंद असावा माणसाला.

तिला काही कळलंय का? शक्य नाही. चार रंगांची पेनं वापरतोय मी. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं होतंय. आणि मी काही चोर नाही.

शांत बसून हिशेब मांडला. मी मुलांचं नाटक बदलतोय का? नाही. मी शक्यता मांडतोय. ठरवतात तीच.

२१ नोव्हेंबर
आज विलक्षण घडलं. बावीस चिठ्ठ्या, चाळीस मिनिटांत सगळ्या मंजूर. एकमताने! कंदील मंजूर. कपाटाच्या मागच्या फळीतून समुद्र दिसतो, मंजूर. वादळ, मंजूर. दातांच्या तारेचं गाणं कमी करावं, तेही मंजूर. वकिलाने हरकत घेतली नाही. ड्रमरने घड्याळ लावून तीन-तीन मिनिटं पाळायची म्हटली, तर सेक्रेटरी म्हणाली, अरे चर्चा झाली असं धरू.

लोकशाही मुरायला वेळ लागतो, पण मुरते. डोळे पाणावले. चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

तरी स्टाफरूममध्ये येऊन बसलो तेव्हापासून चैन नाही. कंदील कोण आणणार, हे आज कोणीच विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत लायब्ररीत गेलो, समितीतलं कोणी नव्हतं. जिन्याखालून बोटं वाजवल्याचा आवाज येत होता, त्यावर पाच-सहा जण काहीतरी गात होते. मी जिन्यावरून पाय वाजवत उतरलो तसं बंद झालं. खाली गेलो तर सगळे कपाटाला टेकून डबे खात होते. सेक्रेटरी म्हणाली, सर, इथे वारा छान येतो. जिन्याखाली?

मुलं थोडी उनाडक्या करतात, चालायचंच. उद्या रागवायचं नाही असं ठरवलं.

ती चाल मात्र डोक्यात बसली. सातवीच्या चाचणीला सुपरव्हिजन करताना गुणगुणत होतो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, नकाशात नदी कुठून काढायची ते विसरले मी. चाल कोणाची असेल? कुठल्या तरी जाहिरातीची असणार.

२८ नोव्हेंबर
वेळ आली होती. समुद्र आला, वादळ आलं, कंदील आला. आता दीपगृहाचं गाणं येण्यात माझा हात कुठे आहे? ते कथेचीच गरज म्हणून येतंय. नऊच्या नऊ कडवी कागदावर उतरवली, कागद आठ वेळा दुमडला. फटीत जाईना. शेवटी झाकण उघडून ठेवला. त्या वेळी लायब्ररीत कोणी नव्हतं, लायब्ररियन सोडून. तो म्हणाला, आज जाडी आहे सर. तो नक्की कशाबद्दल बोलत होता, यावर विचार करायचं टाळलं.

मीटिंगमध्ये सेक्रेटरीने कागद हातात घेतला, उलगडलाच नाही, म्हणाली, मंजूर? अकरा हात.

मी नियमावर बोट ठेवलं. चिठ्ठी मोठ्याने वाचायला हवी. ती म्हणाली, सर, वाचली असं धरू. मी म्हटलं, धरून कसं चालेल? वकील म्हणाला, सर, मंजूर तर झालीय, मग तुम्हाला काय हवंय?

तेवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि तोंडात मारल्यासारखा घरी आलो. न ऐकताच हो म्हणण्यापेक्षा ऐकून नाही म्हटलं असतं तर? नाही, तेही नको. मला नेमकं काय हवं आहे ते ठरवायला हवं.

२ डिसेंबर
ठरलं. समितीपुढे सगळं कबूल करायचं. आज करणार होतो, पण ड्रमरला सर्दी होती. कबुलीला कोरम हवा.

भाषण तयार आहे. साडेचार पानं. मुलांना धक्का बसेल, तर तो कसा झेलायचा याचाही एक परिच्छेद घातला आहे.

४ डिसेंबर
कबूल केलं. दुसऱ्या पानापर्यंत आलो तेव्हा कळलं की धक्का कोणालाच बसत नाहीये.

सेक्रेटरीने रजिस्टर उघडून पुढे केलं. दहा नोव्हेंबरपासून वेगळं पान आहे. वर ‘सरांच्या सूचना’, खाली क्रमांक, एक ते एक्याण्णव. मी विचारलं, कसं कळलं? तर ती म्हणाली, सर, आम्ही ‘असावा’ असं कशाला लिहू? आणि ड्रमर म्हणाला, डाव्या हाताने लिहिलेलं दिसतंच की सर, माझा भाऊ डावखुरा आहे, त्याचं असं नसतं.

मग वकिलाने शांतपणे समजावून सांगितलं. चिठ्ठ्यांमुळे म्युझिकलचं काम होईना. नियम मोडता येईना, कारण सरांनी लाजाळू मुलांसाठी केलेला. म्हणून लायब्ररीत सरांच्या चिठ्ठ्या मंजूर करायच्या आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली खरं काम करायचं, असं ठरलं. मतदानाने ठरलं, हे त्याने आवर्जून सांगितलं. तरी पहिले दोन आठवडे गेलेच, त्यामुळे एका तासाचं नाटक आता पंचवीस मिनिटांचं आहे.

पेटीत अजून सव्वीस शिल्लक आहेत, त्या सोडून दिल्या तर चालतील का, असं सेक्रेटरीने विचारलं. मी म्हटलं, चालतील. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. गेला महिनाभर मी स्वतःचंच घोडं पुढे दामटत होतो आणि पोरं वाट काढून बाजूने जात होती. माफी मागितली. उरलेली अडीच पानं वाचली नाहीत.

दंगा, आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना काही राग नव्हता. घाई होती.

सगळे उठत होते तेवढ्यात कन्या खिडकीकडे बघत म्हणाली, ते गाणं वाचलं नव्हतं आपण. नियमाने वाचायला पाहिजे. म्हणजे, गाऊ दे सरांना. तीन मिनिटं. मग खरं मतदान करू.

उद्या सकाळी गरम पाणी, मध. कमी बोलायचं.

५ डिसेंबर
गायलो. बाजाची पेटी नाही, तबला नाही, टेबलाची कड धरून. आवाज चौथ्या कडव्याला लागला आणि सहाव्याला वेळ संपली. ड्रमरने बोट वर करून दाखवलं. कपड्यांचं काम बघणारी सहावीतली मुलगी समितीत सर्वांत लहान. तिने जांभई दिली, पण तोंडावर हात ठेवून.

मतदान. बाजूने दोन हात. दोन! मग सेक्रेटरी म्हणाली, सर, तुम्हाला मत नाही, लिहिलंय. बघतो तर एक हात माझाच होता. केव्हा वर गेला कळलं नाही. तरी एक उरला, ड्रमरचा. मी त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तो म्हणाला, सर, पाणी प्यायला जाऊ का?

इतिवृत्तात: बाजूने शून्य.

कन्येचा हात बाकावर होता. ती माझ्याकडेच बघत होती. मी नजर वळवली.

घरी चालत आलो, दोघं. नेहमी ती दहा पावलं पुढे असते, आज बरोबर होती. करार मोडून म्युझिकलबद्दल बोलली. म्हणाली, बाबा, कपाटात बसत नाही रे ते. कितीही दुमडलं तरी. मी म्हटलं, हो, बरोबर आहे, वस्तुनिष्ठपणे बघता. ती म्हणाली, वस्तुनिष्ठ वगैरे राहू दे. लहानपणी तू मला हेच म्हणून झोपवायचास ना? मला वाटायचं, हे तीनच कडव्यांचं गाणं आहे. तिसऱ्याला मी झोपलेली असायचे. आज पहिल्यांदा चौथं ऐकलं.

कोपऱ्यावर सिग्नल लागला, उभे राहिलो.

सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, चौथं चांगलं आहे.

९ डिसेंबर
समितीने मला काम दिलं. स्टेजवरच्या प्लायवूडच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं, ते मागून कोणीतरी पंचवीस मिनिटं धरून ठेवायला हवं. मुलांपैकी कोणी रिकामं नाही.

आज पहिली पूर्ण तालीम झाली. मागून काही दिसत नाही. प्लायवूड दिसतं आणि कारखान्याचा शिक्का. ऐकू मात्र सगळं येतं. दातांच्या तारेचं गाणं त्यांनी कमी केलेलं नाही. ते कमी करा असं सुचवणारा माणूस कोण होता, कोण जाणे. दोन ठिकाणी मुलं लवकर सुरुवात करतात, एका ठिकाणी शब्द ऐकू येत नाहीत. खिशात पेन होतं. चिठ्ठीचा कागदही होता, तो नाक पुसायला वापरला.

तिसऱ्या गाण्याला हात भरून आला आणि दार सुटलं. आतला बूट बाहेर पडायचा होता त्याच्या पाच मिनिटं आधी बाहेर पडला. वकील म्हणाला, सर, हरकत आहे. बाकीचे हसले, मीही हसलो. मग सगळ्यांनी मिळून तोडगा काढला की दाराच्या कडीला सुतळी बांधायची आणि ती मी मनगटाला गुंडाळायची. किती लांब? कन्या आत जाऊन टेपने मोजून आली. चार फूट, म्हणाली.

मला पाच बरी वाटते. थोडी हातची राखलेली असावी.

पण ठरलंय चार.

उद्या: सुतळी आणणे, चार फूट.