कोरून काढलेले डोळे

४ ऑक्टोबर
अलेक्झांड्रियाहून आज पोचले. नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगराच्या उतारावर गाव आहे. घरं निळी आणि जवळपास प्रत्येक घराखाली प्राचीन थडगं. घरमालकीण हाज्जा नफीसाने वरची खोली दिली. उन्हात पीठ फुगवून भाजलेला पाव आणि चीज पुढे सरकवत तिने विचारलं, तिकडे पोरींना जेवायला घालत नाहीत की बाशमुहंदिसा, मोठी इंजिनीअरीणबाई, झाल्यावर भूकच मरते? मला हसू आलं. तिच्या घराखालच्या थडग्यातलं भिंतचित्र दुरुस्त करायचं आहे. माझं पहिलं स्वतंत्र काम. खोलीत ऊनही छान येतं.

६ ऑक्टोबर
चित्रात एक अधिकारी आणि त्याची बायको बसलेत. चेहरे बाजूने काढलेले, म्हणून प्रत्येकाला एकच डोळा. दोन्ही छिन्नीने उडवलेले. हाज्जाच्या सासरचे पूर्वी या थडग्यातच राहत. बिऱ्हाड मांडण्याआधी चित्रांचे डोळे काढायचे, असा रिवाज. मुकादम रयिस बक्रीने बजावलं, की बाई, भेगा भर, धूळ पूस, डोळ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांना पाहायचं झालं तर ते तुझ्याच डोळ्यांनी पाहतील. मी चित्राचा, डोळे शाबूत असतानाचा जुना फोटो दाखवला. त्याने मान फिरवली.

९ ऑक्टोबर
नवऱ्याचा डोळा चुन्याने भरून रंगवला. फोटोशी तंतोतंत जुळतो. बक्री काम सोडून गेला.

१० ऑक्टोबर
दुपारी डोळे मिटले. डाव्यापुढे अंधार झाला नाही. थडग्याची समोरची भिंत दिसली, माझी शिडी, तिच्यावर विसरलेला ब्रश. खाली जाऊन पाहिलं. ब्रश तिथेच होता. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. बायकोचाही डोळा भरला.

११ ऑक्टोबर
आता दोन्ही डोळे मिटले तरी थडगंच दिसतं. हाज्जाची तान्ही नात कालपासून पापणी मिटत नाही. नुसती खाली, जमिनीकडे बघते. मला जेवण नाही. शेजारणी दारात येऊन विचारतात, ही अवदसा अजून गेली कशी नाही.

१२ ऑक्टोबर
नवऱ्याचा डोळा मीच खरवडायला गेले. नख टेकलं मात्र — माझ्या डाव्या डोळ्यातून रक्त. हाज्जाला दाखवलं. सांगितलं, ते डोळे आता माझे आहेत. ती शांतपणे म्हणाली, बरं झालं, पोरीचे नाहीत.
दाराला बाहेरून कडी.

१३
डोळे मिटले तरी दिसतं. बक्री शिडी लावतोय. हाज्जाने कंदील धरलाय. मी ओरडतेय, खाली ऐकू जात असणार — हाज्जा वर बघतेसुद्धा — छिन्नी अगदी जवळ —

डावा गेला. ओळ नीट दिसत नाही. हाज्जा त्याला म्हणतेय बहुतेक, थांबू नकोस — शिडी सरकवली — आता बायकोच्या —